साळवे बाईंची सही

साळवे बाईंना एक वाईट सवय होती. समोरचा माणूस पोटतिडकीने दहा मिनिटं बोलला की त्या चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मला समजलं नाही. परत सांगा."

त्यांना समजलेलं असायचं. पण परत सांगताना माणसाला पहिला जोर आणता येत नाही. मधली दोन वाक्यं त्याची त्यालाच फुसकी वाटायला लागतात, आणि तिसऱ्यांदा सांगायची पाळी आली की तो गप्प होतो. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात बाई जीवशास्त्र शिकवायच्या आणि शेवटी उपप्राचार्या झाल्या, तिथले शिपाई, पालक, विश्वस्त, सगळे या वाक्याला टरकून असत. माझ्यावर तर त्या वाक्याने डोकं आपटून घ्यायची वेळ आणली होती.

बाई राहायला कल्याणला. वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते, घरात पहिली पदवी बाईंची. अंगाने लहानखुऱ्या, आवाज कधी चढायचा नाही. मुलांना खाडीवर न्यायच्या तेव्हा एकच नियम सांगायच्या, "आधी बघा. नाव नंतर ठेवा." यातला दुसरा अर्थही त्यांना अभिप्रेत असणार.

आम्ही कळव्याला राहतो. माझी मुलगी मृण्मयी, घरातली मनू, जन्मापासून खाडीजवळच वाढली. पूल ओलांडताना नाक दाब, एवढंच आम्ही तिला खाडीबद्दल शिकवलेलं. अकरावीत बाईंनी वर्गाला त्याच खाडीच्या चिखलात खेकड्यांची बिळं मोजायला नेलं आणि त्यानंतर मनू दर रविवारी जायला लागली. गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन घरी यायची. मी वैतागायचो. औषध कंपनीत क्वालिटी विभागात काम करणाऱ्या माणसाला घरात चिखल चालत नाही.

बारावीच्या सुरुवातीला मनूने अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्ज करायचं ठरवलं. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच जायचं, हे आमचं आधीच ठरलेलं. समुद्रकाठच्या एका लहानशा कॉलेजचं नाव तिच्या तोंडात सतत असायचं. तिथले प्राध्यापक खारफुटीवर, दलदलींवर काम करतात म्हणे. मी घोडबंदर रोडवरच्या एका सल्लागाराच्या व्याख्यानाला गेलो. तिथे मला 'अर्ली डिसिजन' हा प्रकार कळला. एकाच विद्यापीठाला सगळ्यांच्या आधी अर्ज करायचा, आणि त्यांनी घेतलं तर तिथेच येईन असं लिहून द्यायचं. असा अर्ज केला तर संधी वाढते. सल्लागार म्हणाला, "हा हुकमाचा एक्का आहे सर. एकदाच टाकता येतो."

एक्का टाकायचा तर मोठ्या डावावर, हा माझा सरळ हिशोब. ज्याचं नाव घेतल्यावर समोरचा माणूस हातातला कप खाली ठेवतो, असं एक विद्यापीठ मी निवडलं. रोज कामावरून आलो की त्याच्याबद्दल वाचत बसायचो. तिथलं ग्रंथालय, तिथली वसतिगृहं, तिथून निघालेली माणसं. मनू ऐकून घ्यायची. महिन्याभरात ती "हो, चालेल" म्हणाली.

लेखी हमीच्या कागदावर तीन सह्या लागत होत्या. विद्यार्थ्याची, पालकाची आणि शाळेतल्या समुपदेशकाची. आमच्या कॉलेजात समुपदेशक म्हणजे साळवे बाईच. नवरात्र नुकतंच बसलं होतं. टेंभी नाक्यावरच्या स्पीकरचा आवाज त्यांच्या केबिनच्या काचांपर्यंत येत होता. बाईंनी तो एकपानी कागद हळूहळू वाचला. मग मनूला विचारलं, "हेच का?"

मनूने माझ्याकडे पाहिलं. म्हणून मी सांगितलं. विद्यापीठाचा दर्जा, क्रमवारी, पुढच्या संधी.

बाईंनी चष्मा काढला. "मला समजलं नाही. परत सांगा. तिने सांगितलं तर बरं."

मनू म्हणाली, "बाबा म्हणतो ते बरोबर आहे मॅडम."

"बाबा काय म्हणतो ते मी ऐकलं. कागद राहू दे माझ्याकडे."

"मॅडम, एक नोव्हेंबर शेवटची तारीख आहे," मी म्हणालो.

"अजून वेळ आहे. कागदाला घाई नसते, माणसाला असते."

मी तीन दिवस थांबलो. मग रोज फोन. बाई प्रत्येक वेळी फोन घ्यायच्या, चौकशी करायच्या, आणि सही झालेली नसायची. एकदा म्हणाल्या, "माझा फॉर्म माझ्या मोठ्या भावाने भरला होता. वाईट काही झालं नाही. पण तो फॉर्म त्याचा होता." मी विचारलं, याचा सहीशी काय संबंध. त्या म्हणाल्या, "काही नाही. आठवलं म्हणून सांगितलं."

शेवटी मी अर्धा दिवस रजा टाकून कॉलेजात गेलो आणि उभ्या उभ्याच बोललो, "मॅडम, तुमचं काम सही करायचं आहे. मत द्यायचं नाही."

"मी मत दिलंच नाहीये अजून."

हे खरं होतं, आणि त्यामुळेच माझं टाळकं सरकलं. "मग द्या ना एकदाचं. हो म्हणा, नाही म्हणा. असं लटकवून काय ठेवताय आम्हाला?"

त्यांनी तो कागद काढून समोर ठेवला. "उद्या मनूला एकटीला पाठवा," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मनू सही झालेला कागद घेऊन घरी आली. आत काय बोलणं झालं ते मी विचारलंही नाही. मी जिंकलो होतो. दसऱ्याला श्रीखंड जरा जास्तच आणलं.

डिसेंबरच्या मध्यावर, सकाळच्या चहाच्या वेळी, मनूने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. चार ओळींचा नकार होता. निर्णय पुढे ढकलणं नाही, आशा नाही, सरळ नकार. मी बाईंना फोन केला. तुम्ही वेळेत सही केली असती तर सल्लागाराला अर्जातला निबंध दाखवायला चार दिवस जास्त मिळाले असते, असं काहीतरी मी बरळलो. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा परत सांगायला लावलं नाही. "मनूला द्या फोन," एवढंच म्हणाल्या.

आता उरलेल्या आठ कॉलेजांचे अर्ज, त्यात ते लहान कॉलेजही, डिसेंबर संपायच्या आत पाठवायचे होते, आणि कॉलेजला नाताळची सुट्टी लागलेली. बाईंनी आम्हाला कल्याणला घरी बोलावलं. सल्लागार म्हणालेला, बाईंनी पहिल्या अर्जासाठी दिलेलं शिफारसपत्रच चालेल. बाई म्हणाल्या, "मला चालणार नाही." जेवणाच्या टेबलावर बसून त्यांनी ते नव्याने लिहायला घेतलं. आधी हाताने, मग दोन बोटांनी कॉम्प्युटरवर. पाच वेळा लिहिलं. मनू आतल्या खोलीत निबंध सुधारत होती. मी समोर बसून चुळबुळत होतो.

पाचवा खर्डा त्यांनी माझ्यापुढे सरकवला. "इंग्रजी बघा जरा."

त्यात एका रविवारची गोष्ट होती. मनूच्या बिळांच्या मोजणीत आणि तिच्या मैत्रिणीच्या मोजणीत फरक आला. भरती सुरू झालेली, सगळी मुलं वर आली. बाईंनी सांगितलं, सरासरी काढा. मनू म्हणाली, "सरासरी काढली तर दोन्ही चुका राहतील," आणि पुढच्या तीन ओहोट्यांना जाऊन तिने पुन्हा मोजलं. चूक मनूचीच निघाली. ती तिने सगळ्या वर्गासमोर फळ्यावर लिहिली.

"हे कधी झालं?" मी विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही?" बाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

त्या लहान कॉलेजने मार्चमध्ये मनूला प्रतीक्षायादीत ठेवलं. जूनपर्यंत आम्ही रोज मेल बघितला. यादी हलली नाही. इतर ठिकाणी प्रवेश मिळाले, शिष्यवृत्ती पुरेशी नव्हती. मनू पुण्याला बी.एस्सी.ला गेली. रडली नाही. चिडचिड मीच करत राहिलो. आधी सल्लागारावर, मग बाईंवर, मग स्वतःवर. एक्का त्या लहान कॉलेजवर टाकला असता तर त्यांनी घेतलं असतं का? कोणी सांगू शकत नाही. नसतंही घेतलं. पण हा प्रश्न मिटत नाही, आणि न मिटणारा प्रश्न दातात अडकलेल्या तंतूसारखा जिभेला सारखा लागत राहतो.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. कल्याणच्या भाजी बाजारात एकदा भेटल्या. हातात मेथीची जुडी. मनूची चौकशी केली. मला राहवलं नाही.

"बाई, तुम्हाला तेव्हाच दिसत होतं ना? मग मला अडवलं का नाहीत?"

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. घरी विचारा."

मला ती त्यांची जुनीच खोड वाटली. माणसाला त्याच्याच प्रश्नात फिरवत ठेवायचं. मी रागाने निरोप घेतला आणि घरी काही विचारलं नाही.

गेल्या वर्षी बाई गेल्या. झोपेतच गेल्या, कोणाला त्रास न देता. कल्याणच्या विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. मनू पुण्याहून आली. वंदना झाली. जुने विद्यार्थी उठून बोलले. कोणी डॉक्टर, कोणी बँकेत, एकजण स्वतःची रिक्षा चालवणारा. प्रत्येकाने बाईंचं ते वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून दाखवलं आणि लोक डोळे पुसत हसले. मनू बोलली नाही. बाहेर चपला घालताना मी म्हणालो, "तूही दोन शब्द बोलायला हवं होतंस."

"मला जे सांगायचं होतं ते तिथे सांगता आलं नसतं."

"म्हणजे?"

ती विहाराच्या पायरीवर बसली. "सहीच्या दिवशी मॅडमनी मला एकटीला बोलावलेलं ना. त्या म्हणाल्या, तुला त्या लहान कॉलेजलाच अर्ज करायचा असेल तर तसं सांग. मी यावर सही करत नाही. बाबांना सांगेन की माझ्या नियमात बसत नाही. ते माझ्यावर चिडतील, चिडू देत. तुझं नाव येणार नाही."

"मग?"

"मीच नको म्हणाले. म्हटलं, करा सही." तिने सँडलचा पट्टा ओढून घट्ट केला. "तू रोज कामावरून येऊन मला त्या विद्यापीठाचे फोटो दाखवायचास रे. मी तुला इतकं खूश कधी पाहिलंच नव्हतं. मॅडमनी दोनदा विचारलं. मी दोन्हीदा करा म्हटलं. मग त्यांनी सही केली, आणि हे बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव, म्हणाल्या."

म्हणजे नकार आला त्या सकाळी फोनवर मी बाईंना बोलत होतो, तेव्हा त्यांच्याकडे एका वाक्यात माझं तोंड बंद करायची सोय होती. बाजारातही होती. ते वाक्य त्यांचं नव्हतं म्हणून त्यांनी ते वापरलं नाही. मी वळून आत, बाईंच्या फोटोकडे पाहिलं. माफी मागायची तर फोटोसमोर मागावी लागणार होती, आणि फोटोवर तर चिडताही येत नाही.

मनूची पुण्याची बस होती. तिला सोडायला आम्ही थांब्यापर्यंत चालत गेलो. पुढच्या शिक्षणाचे अर्ज सुरू झालेत, असं ती म्हणाली. यंदा तिने एकच जागा पक्की केली होती. तिने दक्षिणेतल्या कुठल्याशा किनारपट्टीवरच्या संस्थेचं नाव घेतलं. मी ते आधी कधी ऐकलेलं नव्हतं.

"छान आहे," मी म्हणालो, आणि माझा हात सवयीने, क्रमवारी बघायला, खिशातल्या मोबाइलकडे गेला. मनूने ते पाहिलं. बस येतेय का, ते बघायला तिने मान वळवली.