तोच चढ, दुसरा बिंदू

मुलीने y = 2x + 3 ला समांतर रेषा काढताना चढच बदलून टाकला होता.

"चढ दोनच ठेव गं. फक्त दिलेला बिंदू घाल आणि शेवटची संख्या काढ," मी तिच्या मागे उभा राहून म्हणालो. तिने खोडलं, (1, 7) घातला आणि पाच आले.

समोर गॅलरीत माझे वडील हात मागे बांधून येरझारा घालत होते. पाहिलं तर माझेही हात मागेच बांधलेले. हट्टही तोच. वर्षानुवर्षं आमच्यात कामापुरतंच बोलणं.

"बाबा, म्हणजे या दोघी कधीच भेटणार नाहीत?"

"नाही," मी म्हणालो. मग गॅलरीकडे बघत, "पण एकमेकींपासून लांबही जाणार नाहीत."

गॅलरीतली पावलं थांबली होती.