कोपरा फाटलेलं कार्ड

पासष्टच्या पावसाळ्यात मी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, निंदणासाठी रजेवर आलो होतो. लग्नाला चार महिने झालेले, सुमित्राला दिवस गेलेले. सहाव्या दिवशी पलटणीची तार आली: रजा रद्द. निंदण अर्धं टाकून निघालो. सुमित्रा एवढंच म्हणाली, "कार्ड टाकत जा. लिहिता येते ना तुमाले?"

पंधरा दिवसांनी आमची प्लाटून पंजाबच्या सीमेवर पऱ्हाटीच्याच शेतात खंदक खोदून बसली होती. माझ्यासोबत शिपाई हिरामण राठोड, आमच्या दारव्ह्याकडच्याच बंजारा तांड्यातला. बहिणीच्या लग्नाला मिळालेली त्याची रजाही रद्द झाली होती, लग्न पुढं गेलं होतं. पहाटे साडेचारला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज, सातला चहा, मग दिवसभर गोळे. शहाणे लोक विचारतात, भीती वाटली का? वाटली म्हणजे काय, दातखीळ बसायची.

एका दुपारी डाक निघायच्या घाईत कार्ड लिहिलं: मी खुशाल आहे. तेवढ्यात जवळच गोळा पडला, कान बधिर झाले. कार्डाचाच कोपरा फाडला, चावून कानात कोंबला आणि कार्ड डाकेत दिलं.

संध्याकाळच्या चहाला हिरामणनं पाहिलं.

"हे काय कोंबलं बे?"

"कार्डाचा कोपरा."

"बह्याडा! असं कार्ड घरी धाडलं?"

तेव्हा ध्यानात आलं. आमच्याकडं कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर. मजकूर कोण वाचतो? आधी रडारड. आमच्या घरात तर अक्षर ओळखणारं कुणीच नव्हतं. सुमित्रा बांगड्या फोडणार, पोटातल्या जिवाचं काय होणार, देव जाणे.

वायरलेस सेटवाल्याच्या हातापाया पडलो. "डाक रोकिए, साहब. ओव्हर."

सुभेदारसाहेबांचा आवाज आला, "डाक गयी. सेट खाली करो. आउट."

दुसऱ्या दिवशी दुसरं कार्ड लिहिलं. डाक घेऊन मागं कंपनी हेडक्वार्टरला जायची पाळी माझीच होती. पण वर गोळे सुरू होते आणि मी खंदकाच्या भिंतीला चिकटून बसलो होतो.

"तू राह्य," हिरामण म्हणाला. "मी देतो टाकून."

मी राहिलो. तो अडीचला निघाला. दहा मिनिटांनी गोळा पडला, नेमका त्या वाटेवर.

हिवाळ्यात घरी आलो. सुमित्रा पऱ्हाटीत कापूस वेचत होती. उरलेलं निंदण तिनंच पुरं केलं होतं. मी त्या कोपरा फाटलेल्या कार्डाचं विचारलं.

ती हसली. "पोस्टमननं येशीवरच वाचलं. 'खुशाल हाय' असा बोंबलतच आला. आमाले कायची भीती?"

मी बांधावर बसून रडलो. ती बिचारी घाबरली. होळीला आम्हाला मुलगी झाली.

वैशाखात हिरामणच्या बहिणीचं लग्न लागलं. बंजाऱ्यांची नवरी निघताना भावाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते, रडत गायलेला निरोप. ती माझ्या गळ्यात पडली. त्या गाण्यात हिरामणचं नाव होतं. मी सावधानमध्ये उभा राहिलो, दुसरं काय करणार?

जेवताना त्याच्या आईनं विचारलं, "तुही चिठ्ठी पोचली व्हती ना, बापू?"

"पोचली, याडी."

खोटं बोललो. दुसरं कार्ड त्याच्या खिशातच राहिलं होतं. ती माउली आता नाही, म्हणून सांगतो. पाळी माझी होती. गेला तो शिपाई हिरामण धनसिंग राठोड, वय बावीस.