मडावीच्या वावरातला मुक्काम

आमची पोस्ट पंधरा हजार फुटांवर होती. माणसं अकरा. मी तेव्हा नायक, पलटणीच्या सिग्नल प्लाटूनमधला रेडिओ ऑपरेटर. पोस्ट कमांडर नायब सुभेदार केशव उरकुडे, आमचे साहेब, राहणार हिंगणघाट. मी विलास थूल, जवळच्याच वडनेरचा. तिसरा लान्स नायक बबन मडावी, कारंजा तालुक्यातला. एकाच वर्धा जिल्ह्याचे आम्ही तिघे.

दिनक्रम ठरलेला होता. पहाटे पाचला बंकरसमोरचा बर्फ उपसायचा. सहाला रेडिओ चेक. दहाला जनरेटर तासभर चालवून रेडिओच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या. बॅटऱ्या तीन, जनरेटर एक. चार्जिंगचं दुसरं साधन नव्हतं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात वादळ आलं. दुसऱ्या दिवशी जनरेटर बंद पडला. चौथ्या दिवशी दुपारी दोनला वादळ थांबलं, तेव्हा दोन बॅटऱ्या संपल्या होत्या आणि तिसरी शेवटाला आली होती. चार जण तापाने पडले होते. खालच्या पोस्टवर चार्ज केलेल्या बॅटऱ्या होत्या.

सिग्नल बंकरमध्ये आम्ही तिघेच होतो. साहेबांनी बबनला सांगितलं, "खाली जा. बॅटऱ्या घेऊन ये."

बबन म्हणाला, "साहेब, दुपारचा बरफ ढिला असते. पहाटे जातो."

"आता."

"जी साहेब."

दोघांनी जायचा नियम होता. उरलेले चौघे पहाऱ्यावर होते, माणूस शिल्लक नव्हता म्हणून तो एकटा निघाला. वेळ दोन वाजून चाळीस मिनिटं. साडेतीनच्या सुमारास उतारावरचा बर्फ सुटला. आवाज आम्ही ऐकला. मी सेटवर गेलो.

"बेस, बेस, एक आदमी बर्फ में दबा है. ओव्हर."

"फिर से बोलो. आवाज़ टूट रही है. ओव्हर."

मी पुन्हा बोललो. त्यानंतर बॅटरी गेली. बबन तिसऱ्या दिवशी सापडला.

चौकशीत साहेबांनी सांगितलं की निघायची वेळ बबनने स्वतः ठरवली. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, कानावर हेडफोन होते, काही ऐकलं नाही. कागदावर एक शब्द चढला: निष्काळजीपणा. तोच कागद बबनच्या घरी गेला.

दोघेही निवृत्त झालो. मी हवालदार म्हणून, साहेब सुभेदार म्हणून. दरवर्षी त्याच आठवड्यात आम्ही बबनच्या वावरात एक रात्र तंबू लावायचो. कारंजाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी तलाव आहे, त्याच्या काठाला. वावर बबनचा धाकटा भाऊ शंकर कसतो आणि तिथेच दोन खोल्यांच्या घरात राहतो. घरात वीज नाही. आम्ही जायचो, जेवायचो, बबनची आठवण काढायचो, परत यायचो. जे सांगायला हवं होतं ते एकदाही सांगितलं नाही.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला साहेबांची फुप्फुसं आखडायला लागली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं. हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकात सोडणारं, विजेवर चालणारं. दिवसाचे सोळा तास ते लावायचं होतं. फेब्रुवारीत त्यांनी मला बोलावलं.

"थूल, मार्चात जाचं आहे."

त्यांची मुलगी वैशाली तिथेच उभी होती. ती सेवाग्रामला स्टाफ नर्स आहे. ती म्हणाली, "बाबा, तिथं लाईट नाई. मशीन कायवर चालवान?"

"ते थूल पाह्यते. सिग्नलवाला आहे."

"शंकरकाकांलेच इथं बोलवा ना."

साहेबांनी नाकातली नळी काढून हातात धरली. "मी त्याच्या भावाचं नाव खराब केलं. आता ते सांगाले त्यालेच माह्या दारात बोलावू? त्याच्या दारात जाऊन सांगीन. श्वास आहे तोवर सांगीन."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. तिला काहीच माहीत नव्हतं. साहेबांनी तिला सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. तिने ती नळी परत त्यांच्या नाकात बसवली. मग म्हणाली, "काका, मशीनले किती पावर लागते ते मोजून मंग माह्याशी बोला."

मी मोजलं. मीटर लावून एक अख्खी रात्र. साहेबांच्या सेटिंगला मशीन दीडशे वॅट घेत होतं. सोळा तासांचे झाले चोवीसशे वॅट-तास. मशीनमधला कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर याच्या दुपटीहून जास्त ओढत होता. हे आकडे वहीत लिहून, मशीन स्कूटरवर बांधून मी हिंगणघाटच्या एका बॅटरीच्या दुकानात गेलो.

शेठने आधी पेट्रोलचा जनरेटर दाखवला. "रानात हेच चालते, हवालदार साहेब. पेट्रोल टाका, दोरी ओढा."

"धूर होते. माणसाची फुप्फुसं खराब आहेत. अन् ऑक्सिजनजवळ पेट्रोल नको."

"मंग घरचा इन्व्हर्टर न्या. वरतून ट्रॅक्टरची बॅटरी."

"अॅसिडची बॅटरी अर्धीच वापरता येते. वजन माणसाएवढं. रस्त्यात सांडली तर?"

मग त्याने लिथियम बॅटरीचा डबा काढला. वर मूठ, समोर प्लगच्या जागा. "हे घ्या. पोट्टे कॅम्पिंगले हेच नेतात. पाचशेवाला बहुत झाला. लाईट, मोबाईल, पंखा, सारं चालते."

मी मशीन काउंटरवर ठेवलं. "हे चालवून दाखवा."

प्लग लावला. मशीनने एक हिसका दिला, डब्याने शिटी मारली आणि दोन्ही बंद. दुसऱ्यांदाही तसंच झालं. शेठ म्हणाला, "असं मशीन घेऊन कोणी कॅम्पिंगले जाते का?"

"आमी जाऊन राह्यलो."

"म्हाताऱ्या माणसाले कायले तकलीफ देता? घरीच ठेवा."

"शेठ, तुमी मोठा डबा काढा."

दोन हजार वॅट-तासांचा डबा त्याने गोदामातून आणला. मशीन एका दमात सुरू झालं. मी ते तासभर चालू ठेवलं आणि स्टुलावर बसून आकडा किती उतरतो ते पाहत राहिलो. गिऱ्हाइकं येत-जात होती. तासाने मी सांगितलं, "हा एक. अन् हजारचा एक अलग. अन् दोन सोलर पॅनल."

"दोन डबे कायले?"

"एक बंद पडला तर दुसरा पाह्यजे."

साहेबांच्या चुलतभावाने, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी विरोध केला. वाटेत काही झालं तर जबाबदार कोण, असं मला तोंडावर विचारलं. मी म्हणालो, मी. वैशालीने डॉक्टरांशी बोलून अटी घातल्या. सोबत लहान सिलिंडर न्यायचं, त्यात तीन तासांचा ऑक्सिजन. "सिलिंडर उघडलं की गाडी परत फिरवाची. पोहोचल्यावर, संध्याकाळी सहाले अन् सकाळी आठले फोन."

"जी," मी म्हणालो. हुकूम कोणाचाही असो, स्पष्ट असला की बरं वाटतं.

पहाटे साडेपाचला निघालो. गाडी मी चालवत होतो. वर्धा, आर्वी करत नऊ वाजता वावरात पोचलो. तलावाच्या पाळीवर चढल्यावरच मोबाईलला रेंज मिळते. तिथून वैशालीला पोचल्याचं कळवलं. शंकरने तंबूची जागा साफ करून ठेवली होती. पॅनल उन्हात मांडले, डबे तंबूत ठेवले, मशीन सुरू केलं. सगळं व्यवस्थित चाललं होतं. शंकरच्या घरून पिठलं-भाकर आली. साहेबांनी अर्धी भाकर खाल्ली आणि मशीन बंद करून झोपले.

तीन वाजता ते उठले आणि म्हणाले, आता बोलतो. शंकर विहिरीकडे होता. मी त्याला हाक मारायला वळलो, तेवढ्यात साहेब स्वतःच चालत निघाले. चाळीस पावलं गेले असतील. तिथे खाली बसले. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं तर आकडा चौऱ्याऐंशी. नव्वदच्या वर हवा होता. मी आणि शंकरने त्यांना उचलून आणलं आणि मशीन लावलं. आकडा चढू लागला. बाराव्या मिनिटाला मोठ्या डब्याने शिटी मारली. पडद्यावर तापमानाची लाल खूण. बंद.

लहान डब्याला प्लग लावला. तो चार मिनिटं चालला. तीच लाल खूण. तोही बंद.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दोन साधनं घेतली होती, पण दोन्ही एकाच तंबूत ठेवली होती. मार्चचं विदर्भातलं ऊन, बंद तंबू. आत हात घातला तर भट्टी. इतक्या वर्षांनी मी पुन्हा सगळं एकाच जागेच्या भरवशावर सोडलं होतं.

मी सिलिंडरची चावी घेतली.

साहेबांनी माझं मनगट धरलं. "उघडू नको. उघडलं तर परत जा लागते."

"साहेब, हात सोडा."

"थूल, हुकूम आहे."

"हा नाई मानणार," मी म्हणालो आणि चावी फिरवली. वेळ तीन वाजून एकोणतीस.

साहेबांचा आकडा नव्वदवर आला. त्यांनी डोळे मिटले. मी शंकरला म्हणालो, "अर्धा तास. तेवढ्यात डबे थंड झाले तर ठीक, नाई तर गाडी काढतो."

आम्ही दोघांनी डबे उचलून मोहाच्या झाडाखाली नेले. खाली विटा लावल्या, म्हणजे बुडातून वारा जाईल. दोरी बांधून चारी बाजूंनी ओली पोती टांगली, डब्याला पाणी लागणार नाही इतक्या अंतरावर. शंकरने घरातून सूप आणलं आणि वारा घालायला लागला. झाडावरून मोहाची फुलं टपटपत होती. तीन पन्नासला लाल खूण गेली. मी आणखी पाच मिनिटं थांबलो, मग बटण दाबलं. मशीनने हिसका दिला आणि सुरू झालं. लहान डबा मी उचलून विहिरीजवळच्या सावलीत, वेगळा ठेवला.

मग पाळीवर चढलो आणि वैशालीला फोन केला. काही लपवलं नाही.

"आता आकडा किती?"

"त्र्याण्णव. मशीन चालू. सिलिंडरात अडीच तास बाकी. गाडी रस्त्याकडे तोंड करून उभी."

"माह्या अटीनं तर तुमी निघाले पाह्यजे."

"हाव. तू म्हण, आत्ता निघतो. पण त्यांचं बोलणं अजून झालं नाई."

पाळीवरून मला मशीनजवळ निजलेले साहेब दिसत होते.

"बोलू द्या," ती म्हणाली. "सहाले फोन. सहा म्हणजे सहा."

पाच वाजता साहेब खाटेवर ताठ बसले. नाकात नळी होती. शंकर समोर मातीत उकिडवा बसला. साहेबांनी सगळं सांगितलं. बबन काय म्हणाला, आपण काय म्हणालो, चौकशीत काय बोललो. मध्ये दोनदा दम लागला म्हणून थांबले. त्यांचं झाल्यावर मी सांगितलं की मी ऐकलं होतं.

शंकर म्हणाला, "माय मरतानी म्हणे, पोरगं घाईनं गेलं. मी म्हणो, बबन घाईचा नवता."

"नवता," साहेब म्हणाले.

"दरसाल येऊन राह्यले तुमी. माह्या घरची भाकर खाऊन राह्यले. एकदाबी नाई बोलले?"

"नाई बोललो. डरलो."

शंकर उठला आणि तलावाकडे चालत गेला. मी मागे जायला निघालो. साहेब म्हणाले, "जाऊ दे त्याले. काढ वही. लिही."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. "लान्स नायक बबन मडावी यांनी दुपारी उतार धोक्याचा असल्याचे मला सांगितले होते. पहाटे जाण्याची परवानगी मागितली होती. त्याच वेळी आणि एकटे जाण्याचा हुकूम माझा होता. चौकशीत मी खोटे बोललो. निष्काळजीपणा माझा होता, त्यांचा नव्हता." खाली त्यांनी नंबर, रँक, नाव लिहून सही केली. साक्षीदार म्हणून मी केली.

अर्ध्या तासाने शंकर परत आला. कागद घेऊन त्याने सावकाश वाचला. ओठ हलवत, दोनदा. मग विचारलं, "जातानी काई बोलला का तो?"

"म्हणला, माहा चहा झाकून ठेवजा," साहेब म्हणाले.

"ठेवला?"

"थूलनं ठेवला. गोठून दगड झाला, तरी कोणी सांडला नाई."

शंकरने मान हलवली. म्हणाला, "तंबूत नका झोपू. मशीन घरात आणा. आत गारवा आहे."

सहाला मी फोन केला. जेवण होईपर्यंत मशीन बंद ठेवलं आणि नऊपासून रात्रभर चालवलं. सकाळी आठला मोठ्या डब्यात पंधरा टक्के बाकी होते, लहान डबा भरलेलाच. रात्री तो लागलाच नाही.

साहेबांनी त्या कागदाची नक्कल सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसलाही पाठवली. घरच्यांनी विनवलं, कशाला उकरता, या वयात नाव जाईल. साहेब म्हणाले, जाऊ द्या. ऑगस्टमध्ये ते गेले. तोवर उत्तर आलं नव्हतं. अजून आलेलं नाही. दर महिन्याला मी एक स्मरणपत्र पाठवतो आणि पाठवत राहीन.

यंदा मार्चमध्ये मी आणि वैशाली गेलो. शंकरच्या पुढच्या खोलीत भिंतीवर बबनचा वर्दीतला फोटो आहे. त्याच्याखाली साहेबांच्या सहीचा कागद काचेत लावला आहे, दारातून येणाऱ्याला उभ्या उभ्या वाचता येईल इतक्या उंचीवर. गावातली माणसं येतात, थांबतात, वाचतात. ज्याला वाचता येत नाही त्याला शंकर वाचून दाखवतो.