परातीतली चार कव्हरं

आमचे हे लष्करात गाड्या दुरुस्त करून निवृत्त झाले आणि कडेगावात येऊन माझं डोकं दुरुस्त करायला बसले. हाताला काम नाही, म्हणून दारातली जुनी गाडी रोज पुसायची. तिच्या चाकांवरची प्लास्टिकची कव्हरं उसाच्या रस्त्यांवर एकेक करून गळून गेली होती, लोखंड उघडं पडलं होतं. तशीच गाडी घेऊन आम्ही माझ्या भावाच्या पोराच्या जावळाला कोरेगावला गेलो. भाऊ सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, "दाजी, गाडी अनवाणीच आणलीसा व्हय?"

मांडव हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पण ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परतताना म्हणाले, "पुन्हा तुझ्या भावाच्या घरात पाय ठेवणार न्हाई."

मी एकटी एसटीनं गेले असते, पण नवरा का आला नाही म्हणून अख्खी भावकी चौकशीला बसली असती. त्या भाऊबीजेला मी गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका ओवाळतात तसं. लय रडू आलं.

पुढच्या पावसाळ्यात ह्यांनी मोबाईलवर कुठल्याशा गोऱ्या माणसाचा व्हिडिओ बघितला. कार्बन फायबरची कव्हरं घरच्या घरी करत होता. "अशी करतो की तुझा भाऊ बघतच राहील," हे म्हणाले. "झाली की जाऊ."

झाली की जाऊ. मला तेवढंच ऐकू आलं.

कुरियरनं काळं विणीचं कापड आलं, काकवीसारख्या चिकट रेझिनचे डबे आले. आता साचा हवा होता. हे टेप घेऊन स्वयंपाकघरात शिरले आणि माझी भाकरीची परात मोजायला लागले. लग्नात भावानंच दिलेली, नाव घालून.

"आवं, परात न्हाई मिळायची."

"मग भाऊबीज बी न्हाई."

दिली परात, काय करते. ताटात पीठ मळायला लागले.

परातीला आतून मेण चोळायचं, वर कापड, त्यावर ब्रशनं रेझिन, पुन्हा कापड. कडक झालं की काढायचं. पहिलं कव्हर निघता निघेना. ह्यांनी परात उन्हात तापवली, कडेनं लाकडाची पाचर ठोकली आणि लष्करात शिकलेल्या सगळ्या हिंदी शिव्या माझ्या परातीला ऐकवल्या. मग निघालं. काळं, चकचकीत, आणि बाई, खरंच देखणं. फक्त कडेला खरबरीत ठिपके होते.

"हे काय?"

"बुडबुडे. तुला काय कळतंय त्यातलं."

बरं बाबा, नाही कळत.

दिवाळीपर्यंत चारही झाली. भाऊबीजेच्या सकाळी ह्यांनी ती प्लास्टिकच्या पट्ट्यांनी चाकांना आवळली. मी हळदीकुंकू लावायला वाकले. कुंकू ठिपक्यांवर बसलं आणि अक्षरं उठली. उलटी होती, पण रोज घासायची परात, मला वाचायला काय लागतंय. 'ताईस, भावाकडून सप्रेम भेट.' परातीच्या आतल्या काठावर कोरलेलं सगळं कव्हरांवर उतरलं होतं. चारी चाकांवर.

सांगितलं असतं तर ह्यांनी तिथंच पहारीनं कव्हरं उपटली असती. मी कुंकू पदरानं पुसलं, बॉनेटला दुसरं लावलं आणि गाडीत बसले.

कोरेगावात भाऊ बाहेर आला. चाक बघून उकिडवा बसला. कडेवरून बोट फिरवलं, थांबला, पुन्हा फिरवलं. आत जाऊन दाढीचा आरसा घेऊन आला आणि चाकासमोर धरला. आता हा हसणार, हे गाडी वळवणार आणि मी पुन्हा चंद्राला ओवाळणार.

तो हसला नाही. उठला आणि ह्यांना म्हणाला, "दाजी, माझी भेट चारी चाकांवर कोरून घेतलीसा?"

ह्यांनी त्याच्या हातातला आरसा घेतला आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. कानापर्यंत लाल झाले. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी फराळाचा डबा छातीशी धरून उभी होते.

"व्हय," हे म्हणाले. "मुद्दामच."

आरसा परत दिला, चपला काढल्या आणि माझ्या आधी घरात गेले.