हसणं टाळणारा लवू

लवू परब घाटकोपरच्या चाळीत राहायचा आणि कांजूरमार्गला रंगाच्या कारखान्यात यंत्रावर डबे भरायचा. १९५३च्या शिमग्यात चाळीतल्या कुणीतरी कारखान्याच्या मुकादमाची नक्कल केली. लवू खदखदून हसला आणि गुडघे दुमडून खालीच कोसळला. मान लटकली, जीभ हलेना, पण आजूबाजूचं सगळं ऐकू येत होतं. मिनिटभराने तो आपोआप उठला. दारूबंदीचे दिवस होते, त्यामुळे लोकांनी आधी त्याचं तोंड हुंगलं.

मग हे वरचेवर होऊ लागलं. शिवाय दिवसा बसल्याजागी डोळा लागायचा. वैद्याने अशक्तपणा सांगितला. डॉक्टरांनी फिट्स ठरवून गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी तो आणखीच पेंगू लागला. मुकादमाने त्याला दोनदा झोपलेला पकडलं आणि यंत्रावरून काढून गोदामात कामाला टाकलं.

हसलं की आपण पडतो, हे लवूला केव्हाच उमगलं होतं. पण सांगायचं कुणाला? सांगितलं असतं तर पोरांनी मुद्दाम हसवलं असतं. मग त्याने माणसंच टाळली. डबा तो गोदामामागे एकटा खायचा. त्याची बायको शेवंती मोठी थट्टेखोर. तो तिच्याही बोलण्यातून उठून जायचा. लहानगी मुलगी सुलक्षणा नाचून दाखवू लागली की तोंड फिरवायचा.

पाच वर्षांनी मोठ्या इस्पितळात एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पडण्याआधी काय करत असता?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. लवू मान खाली घालून म्हणाला, "हसत असतंय."

बाई हसल्या नाहीत. हा झोपेचाच एक आजार आहे, फिट्स नव्हेत, वेडही नव्हे, असं त्यांनी समजावलं. पेंगेवर औषध होतं. पडण्यावर तूर्त नव्हतं.

घरी त्याने शेवंतीला सगळं सांगितलं.

"माका वाटला, तुमका मी नको झालंय," ती म्हणाली.

नव्या गोळ्यांनी पेंग कमी झाली. संध्याकाळी शेवंती, पडला तरी लागू नये म्हणून, त्याला चटईवर बसवून दिवसभरातली एखादी गंमत सांगू लागायची. पण सांगतासांगता, मान लटकते की काय म्हणून तिची नजर त्याच्या मानेकडे जायची आणि गोष्ट अर्ध्यावरच राहायची. सुलक्षणा आता अकरा वर्षांची झाली होती. गॅलरीत मैत्रिणींबरोबर खिदळायची आणि उंबरठ्यात पाऊल टाकताच गप्प व्हायची. तिला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं.