जीप, लाल गाडी आणि चाकाखालचा दगड

पांढरकवड्याजवळच्या भगवानरावांची जीप म्हणजे एक नमुनाच. सेल्फ मेल्याला जमाना झाला, उतारावर घरंगळली तरच चालू होणार, अन् हॅंडब्रेक नावालाच. म्हणून ती कायम घरासमोरच्या उतारावर उभी, चाकाखाली दगड. भगवानराव आत बसून हाक मारणार, "रजनी, दगड!" रजनीबाई पिठाच्या हातानं येऊन दगड काढणार अन् चालत्या जीपमध्ये चढून बसणार. तीस वर्षं हाच कारभार. अन् तीस वर्षं बाईंचं पालुपदही एकच, "इकून टाका हे खटारं."

परवा यवतमाळहून भाचा आला, क्षितिज. त्याला जुन्या गाड्यांचं भारी वेड. आला तोही जुन्या लाल स्पोर्ट्स कारमधून. सीटा दोनच, अन् गाडी जमिनीला टेकलेली.

"मामा, जीप मला द्या," तो म्हणाला.

भगवानरावांचा सारा जीव त्या जीपमध्ये. पण आमच्याकडं मामा भाच्याच्या पाया पडतो, त्याला नाही कसं म्हणावं? सुटायचं म्हणून ते बोलून गेले, "तुही मामी हो म्हणन त ने." अन् लगेच जीभ चावली. ती तर तीस वर्षांपासून हो म्हणून राह्यली!

क्षितिज हुशार. मामीला लाल गाडीत बसवून वावराकडं फिरवायला घेऊन गेला. गाडी डांबरी रोडवर झुळकन गेली, अन् पांदणीच्या कच्च्या वाटेला वळताच चाकोरीत पोट टेकून बसली. फोन आला, "मामा, जीप आणा."

भगवानराव खुशीत जीपमध्ये चढले. "रजनी, दगड!" ओरडले, अन् मग ध्यानात आलं, रजनी तर लाल गाडीपाशी. आपण दगड काढावा, तर जीप एकटीच निघणार. बिचारे पायीच निघाले.

"जीप कुठी हाय?" रजनीबाईंनी विचारलं.

"दगड कोण काढन?"

बाई पोट धरून हसल्या. मग पदर खोचून नवऱ्यासोबत घरी आल्या, दगड काढला, चालत्या जीपमध्ये चढल्या. जीपनं लाल गाडी दोराला बांधून बाहेर ओढली.

दोर सोडता सोडता क्षितिजनं विचारलं, "मामी, मग नेऊ ना जीप?"

भगवानराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले.

"तुह्या गाडीतून कपाशीची बुडं दिसते, बापा. जीपीतून आमचं पुरं वावर दिसते," रजनीबाई म्हणाल्या. "अन् जीप इकली, त मले दिवसातून चारदा हाक कायले मारतीन हे?"