छगन मास्तरांचा धाक

छगन मास्तर माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. गावही आमचं शेजारचं, शिंदखेड्याकडचं. परमुलखात, गोडादऱ्याजवळच्या ज्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, मी बावीस वर्षं काढली तिथले ते मास्तर, म्हणजे कारागिरांवरचे मुकादम. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. पण धाक नसला की माणूस बिघडतो, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कोवळ्या वयात पहिल्या मास्तरानं त्यांना पान्यानं मारलं होतं. पाठीवरचा तो वण ते कौतुकानं दाखवायचे आणि म्हणायचे, हा मार खाल्ला म्हणून मी मास्तर झालो. मार न खाताही लोक मास्तर होतात, पण ते त्यांना कोण सांगणार?

शेठ योगेंद्रभाई नव्या विचारांचे. त्यांनी एकदा विचारलं, "छगनभाई, हर सोमवार कारीगरों की तकलीफ सुनें तो?"

"एक बार सुनोगे शेठ, तो रोज रोएँगे," मास्तर म्हणाले.

माल वेळेवर निघत होता, म्हणून शेठनी विषय सोडला. पुढे छातीत दुखतं म्हणून सुकदेवनं माग बंद केला, तर मास्तरांनी त्याला दुसऱ्याच दिवशी गावाला धाडलं. आजारी माणूस घरीच शोभतो, म्हणाले. त्यानंतर आमच्या खात्यात कोणी आजारी पडलं नाही.

त्यांचा सख्खा धाकटा भाऊ दत्तू माझ्या शेजारच्या मागांवर होता. मागच्या वर्षी त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन करा आणि महिनाभर घरी बसा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे त्याची बायको छाया आणि मी सोडून कोणालाच ठाऊक नव्हतं. भावाला सांग, म्हणून मी त्याच्या मागे लागलो.

"सुकदेवले ठेवं नही, माले काय ठेवी?" तो म्हणाला. "भाऊ शे म्हनीसन पहिले मालेच काढी."

दिवाळीनंतर एका दुपारी तुटलेला धागा शोधता शोधता त्याचा हात चालत्या मागात गेला. माग मीच बंद केला, पण तोवर उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. मास्तर धावत आले. अंगातला शर्ट काढून त्यांनी तो हात गुंडाळला आणि आम्ही दोघांनी त्याला रिक्षात घातलं.

दवाखान्यात छायानं मोतीबिंदूचं सांगितलं, तेव्हा मास्तर खाटेशेजारी बसले.

"दत्तू, माले का बरं नही सांगं?"

दत्तू भिंतीकडे बघत म्हणाला, "तुले कोन सांगी, भाऊ?"

मास्तरांवर माझा इतका राग, तरी त्या वेळी त्यांच्याकडे बघवेना.

आठवड्यानं त्यांनी सगळे माग थांबवले आणि आम्हा अठरा जणांना गोळा केलं. डोळ्यांचा, कानाचा, छातीचा, कसलाही त्रास असेल तर सांगा, कोणाला काढणार नाही, आईची शपथ, असं ते म्हणाले. कोणी तोंड उघडलं नाही. मग ते हात जोडून एकेकाला विचारत आले. ते माझ्यापुढे उभे राहिले तेव्हा मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो, कारण दोन वर्षांपासून मला उजव्या कानानं अजिबात ऐकू येत नाही आणि डाव्यानं जेमतेम.

"काही नही मास्तर," मी म्हणालो, "सगळं बराबर शे."